मार नंतर मोजायचा

शिवाकाका जन्मात कधी विमानात बसला नाही. आमच्या घरात विमान म्हणजे दुपारी आभाळात पांढरी रेघ ओढत जाणारी वस्तू. उसाची कांडी सोलता सोलता मान वर करून तिच्याकडे बघायचं, आणि गिऱ्हाईक आलं की मान खाली घालायची. तरी विमान मोडतं कसं, हे मला त्यानेच शिकवलं. काका म्हणजे बाबांचा पाठचा भाऊ. बीडच्या बस स्टँडासमोर आमची रसवंती होती आणि तिच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि एक पत्र्याची पडवी. माझ्या दोघी बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या. घरात उरलो होतो आम्ही पाच जण, म्हणजे आई, बाबा, काका, काकू आणि मी. सहावा उसाचा चरक. तो घरातलाच होता असं म्हणायला हरकत नाही, कारण सगळ्यांत जास्त बोलायचा तोच.

चरकाच्या मोठ्या चाकाला घुंगरू बांधलेले असायचे. लोकांना वाटायचं की ते गिऱ्हाईक बोलवायला आहेत. गिऱ्हाईक त्याने यायचंच, पण काका त्या आवाजावर चरकाची तब्येत ओळखायचा. आईबरोबर भाजी निवडत पडवीत बसलेला असला तरी मधेच मान वाकडी करून म्हणायचा, "डाव्या अंगाचं बेअरिंग घासतंय. चार दिस काढील." आणि चौथ्या-पाचव्या दिवशी खरंच रहीमचाचांना बोलवावं लागायचं. रहीमचाचा बेअरिंग बदलता बदलता माझ्याकडे बघून म्हणायचे, "शिवाभाई के कान हैं के क्या हैं, बेटी? मेरा धंदा खाते ये एक दिन." उन्हाळाभर आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, माझ्या वह्यांनासुद्धा उसाचा वास यायचा. गोडाचा इतका वीट आलेला असायचा, की आमच्या घरी चहा बिनसाखरेचा व्हायचा. पाहुणे पहिला घोट घेऊन कपाकडे बघत बसायचे. जेवण मात्र झणझणीत. काकू येसराची आमटी अशी करायची की शेजारच्या लॉजवरचा मॅनेजर वाटी घेऊन मागच्या दाराशी उभा राहायचा. येसरासाठी धान्य आणि मसाला भाजून दळायचं काम ती दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही.

काकाच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं मुळापासून गेलेली होती आणि करंगळी अर्धी होती. राहिला होता अंगठा आणि त्याच्या शेजारचं एक बोट. मी सातवीत असताना एकदा भर उन्हाळ्यात लाईट गेली. चरकात चिपाड अडकलं होतं ते काका हाताने ओढून काढायला लागला. अशा वेळी बटण बंद करायचं काम बाबांचं, कारण ते गल्ल्याशेजारी होतं. त्या दिवशी बाबा कुणाला तरी सुट्टे देत होते आणि बटण राहून गेलं. लाईट आली. त्याच्यापुढचं मी लिहीत नाही. त्यानंतर बाबांना एक सवय लागली. लाईट गेली की ते हातातलं काम टाकून बटणाशी जाऊन बसायचे, बटण बंद आहे हे तीन-तीनदा बघायचे, आणि लाईट येईपर्यंत त्याच्यावरचा हात काढायचे नाहीत. त्या काळात लाईट दोन-दोन तास यायची नाही. आई तिथेच त्यांना चहा नेऊन द्यायची. कुणी काही बोलायचं नाही, काका तर नाहीच. रोज सकाळी लिंगपूजा झाल्यावर आम्ही सगळे तीन बोटांनी कपाळावर भस्माचे तीन पट्टे एका झटक्यात ओढायचो. काका एकाच बोटाने तीनदा ओढायचा. डाव्या हाताने सहज झालं असतं, पण तसं त्याने कधी केलं नाही.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि रस्त्यापलीकडे, पहिल्या मजल्यावर, मुळे सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. शिकवत होते म्हणजे काय, तर जे आज शिकायचे ते उद्या शिकवायचे. गावात सगळ्यांना अचानक कॉम्प्युटर हवा झाला होता. कशासाठी ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण मुलीच्या स्थळाच्या कागदावरसुद्धा 'कॉम्प्युटर येतो' असं लिहायला लागले होते. क्लासमध्ये चार मशीन होती, खिडक्यांना गडद पडदे होते, आणि चपला जिन्यात काढायच्या असा कडक नियम होता. सरांच्या मेव्हण्याने पुण्याहून फ्लॉप्यांवर भरून लढाऊ विमानांचा एक खेळ आणला होता आणि त्याच्याबरोबर खेळायला एक जॉयस्टिक, म्हणजे गाडीच्या गिअरसारखा दांडा. दुपारी क्लास रिकामा असायचा. सर घरी झोपायला जायचे आणि मी महायुद्धातलं विमान उडवायची. मला त्या खेळाचं वेड लागलं होतं हे कबूल करते. त्या वयात बीडमध्ये मुलीने एकटीने स्टँडापलीकडे जायचं म्हटलं तरी चार माणसं विचारायची, आणि इथे मी कुणाला न विचारता समुद्र ओलांडत होते.

पावसाळ्यात रसवंती बंद. बाबा तेवढे महिने भुसार दुकानात दिवाणजी म्हणून बसायचे आणि काकाला काही कामच नसायचं. दुपारचा तो क्लासमध्ये येऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा. एकदा मला मागून गोळ्या लागल्या. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उमटला.

"हे काय आलंय?" काकाने विचारलं.

"नुकसान. सदतीस टक्के."

"कशाचं?"

"विमानाचं."

"विमानाचं म्हंजी कशाचं? पंख्याचं, इंजिनाचं, का तेलाच्या नळीचं?"

"सगळं मिळून."

"सगळं मिळून कदी काय मोडतं का, नंदे?"

मला राग आला. मी त्या खेळात ऐंशी टक्के मार खाऊन परत यायची आणि त्याचा मला फार अभिमान होता. पण काका बरोबर बोलत होता. नव्याण्णव टक्क्यांपर्यंत ते विमान कोरं करकरीत असल्यासारखं उडायचं आणि शंभर झाले की फटाक्यासारखं फुटायचं. काकाला हसू आवरेना. "आपला चरक असा मोडतो का? आधी आवाज बदलतो. मग गरम होतो. मग रस कमी निघतो, गिऱ्हाईक म्हणतं ग्लास भरला न्हाई. मग पट्टा जळाल्याचा वास येतो. आन् मग बंद पडतो. आन् पंखातून गोळी आरपार गेली तर जाऊ दे की. शर्टाला भोक पडल्यावर माणूस मरतो का? पर तीच गोळी तेलाच्या नळीला लागली तर? भोक तेवढंच, पर घरी येत न्हाई."

पुढचे चार दिवस मी त्या खेळाच्या फायली उचकटत बसले. एका फायलीत प्रत्येक विमानाच्या नावासमोर आकडे सापडले. इंजिनाला इतके, डाव्या पंखाला इतके, शेपटीला इतके. म्हणजे भाग वेगळे होते, पण शेवटी सगळ्यांची बेरीज करून एकच आकडा पडद्यावर येत होता. मी ते आकडे बदलून बघितले. विमान लवकर फुटायला लागलं किंवा उशिरा फुटायला लागलं, एवढाच काय तो फरक. मग मात्र मी इरेला पेटले. सी भाषेचं एक झेरॉक्स केलेलं पुस्तक माझ्याकडे होतं, त्याच्या जोरावर मी स्वतःचा प्रोग्राम लिहायला बसले. त्यात चित्र नव्हतं, आभाळ नव्हतं, शत्रू नव्हता. काळ्या पडद्यावर पाच-सहा ओळी, म्हणजे तेल, उष्णता, डावा पंख, उजवा पंख, उंची. खालची ओळ सांगायची की गोळी कुठे लागली. मग जॉयस्टिकने विमान सांभाळून घरी आणायचं. मुळे सरांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "नंदा, हे वीजबिलासारखं दिसतंय." 

उडवायला बसायचा काका. लागलं तेवढंच दाखवायचं, खोटा मार दाखवायचा नाही, हे मी त्याला रोज ऐकवायची. जॉयस्टिक तो उजव्याच हाताने धरायचा, अंगठा आणि एका बोटाच्या चिमटीत. दहा-बारा मिनिटं फार छान उडवायचा आणि मग उठायचा. "चहा सांगून येतो." चहाची टपरी जिन्याखालीच होती. काका वीस-वीस मिनिटं यायचा नाही, आणि चहा कधी यायचा, कधी नाही. मला वाटायचं की बिडी ओढायला जातो. लिंगायताच्या घरात बिडी म्हणजे अब्रूच गेली, म्हणून मी त्याला चिडवायची, "काकूला सांगू का रे तुझा चहा?" तो हसून न हसल्यासारखं करायचा.

प्रोग्राम त्याला पसंत पडत नव्हता. मी तेलाच्या नळीला गोळी मारली की तेल लगेच अर्ध्यावर यायचं आणि उष्णता दुप्पट व्हायची. तो मान हलवायचा. शेवटी एक दिवस म्हणाला, "तुझी एक चूक होतीया. तू मार लागल्या लागल्या मोजतीस. मार नंतर मोजायचा असतो. लागल्या वक्ताला काय कळत न्हाई, मशीनला बी न्हाई आन् मानसाला बी न्हाई." त्या रात्री झोपताना मला उत्तर सापडलं आणि दुसऱ्या दिवशी मी तेल सेकंदासेकंदाला थेंब थेंब गळतं केलं. जितकं इंजिन दामटाल तितकी गळती जास्त, दमाने चालवाल तर कमी. काकाने विमान उडवलं. गोळी लागली आणि पडद्यावरचा एकही आकडा हलला नाही. तीन मिनिटं सगळं छान. मग तेल कमी, मग उष्णता, मग काका घाईला आला, वेग वाढवला, आणि विहिरीत बादली सुटावी तशी उंची खाली आली. काकाने मांडीवर थाप मारली. "आत्ता खरं मोडलं." इतक्या आनंदाने विमान पाडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या नातेवाइकांत आता एक कॉलेजात जाणारा पोरगा आहे, माझ्या बहिणीचा नातू. त्याने परवा मला आजकालचा खेळ दाखवला. काचेवर तेल उडतं, पंखाचा पत्रा सोलून निघतो, एका पायाचं चाक उघडत नाही. मी चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. मग त्याला विचारलं, "तेलाला मार लागला तर इंजिन किती वेळाने बसतं?" तो म्हणाला, "कसं चालवतो त्याच्यावर आहे, आजी." मला काकाची फार आठवण झाली. काका गेला त्याला बरीच वर्षं झाली. माझा प्रोग्राम ज्या फ्लॉपीवर होता तिला बुरशी लागली.

त्याच पावसाळ्यात काकाच्या डोक्यात एसटीडी बूथ शिरला. गावोगाव पिवळ्या पाट्या लागत होत्या आणि अपंगांना बूथ आधी मिळतो असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. बारमाही धंदा, बसून करायचा, चरकाशी संबंध नाही. चरकासमोर उभं राहायला काका भीत नव्हता. पण लाईट गेली की बटणाशी बसलेल्या बाबांकडे तो ज्या नजरेने बघायचा, त्यावरून मला वाटायचं की त्याला तिथून सुटायचंय ते स्वतःसाठी कमी आणि बाबांसाठी जास्त. बूथसाठी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या बोर्डाचा दाखला लागायचा, आणि दाखल्यावर निदान चाळीस टक्के अपंगत्व हवं होतं.

"हितं बी टक्केच का?" काका म्हणाला. पण जायला तयार झाला.

आता आमच्या घरच्यांनी काय केलं ते सांगते. मोठ्या साहेबापुढे जायचं म्हटल्यावर माणूस नीटनेटका, हुशार, कामाचा दिसला पाहिजे, हे आमच्या हाडांत मुरलेलं. आईने काकाचा पांढरा शर्ट नीळ घालून धुतला. बाबांनी त्याला सही करायचा सराव करायला लावला, पाठकोऱ्या कागदांवर दोनशे सह्या तरी केल्या असतील. काकूने डोक्याला तेल चोपडून भांग पाडून दिला. मी, कॉम्प्युटरवाली शहाणी, सांगितलं की विचारतील त्याचं फटाफट उत्तर दे. बाबांना दुकानातून सुट्टी मिळाली नाही, पण मुलगी दाखवायला न्यावी तसे आम्ही बाकीचे त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी एकेक सांधा वाकवून बघितला, तक्त्यातून आकडे काढले, भागाभागाने मांडले. काका माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "तुझ्या फायलीवानीच हाय की हे." मग डॉक्टर म्हणाले, "बटणं लावून दाखवा." काकाने आपल्या शर्टाची पाचही बटणं अशी झटपट लावली, की डॉक्टर म्हणाले, "वा." ग्लास उचलायला सांगितला, उचलला. सही करायला सांगितली, केली. कागद हातात घेऊन तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उजळलेलं होतं.

"छत्तीस," तो म्हणाला. "पस्तिसाला पास असतंय ना?"

शाळेचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का होता. इथे चाळीस लागतात हे त्याला ठाऊक होतं, पण आनंदाच्या भरात विसरला होता. मी सांगितल्यावर त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि आम्ही घरी आलो. बाबा तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

दवाखान्यातल्या कारकुनाने सांगितलं होतं की मान्य नसेल तर अर्ज करा, पुन्हा तपासतील. मी लगेच डोकं चालवलं. "पुढच्या वेळी बटण लावताना जरा हात थरथरव. ग्लास सांडू दे. चार टक्क्यांचा तर प्रश्न आहे."

काका म्हणाला, "महिनाभर माझं डोकं कोण खात होतं, नंदे? लागलं तेवढंच दाखवायचं, खोटा मार दाखवायचा न्हाई, म्हणून? विमानाला न्याय आन् मला न्हाई?"

मला अतिशय लाज वाटली. इतकी, की त्या दुपारी मी प्रोग्राम सुरूच केला नाही. काकाच म्हणाला, लाव. तो उडवायला बसला. दहा मिनिटं झाली. "चहा सांगून येतो." या वेळी मी त्याच्या पाठोपाठ उठले. भांडण मिटवावं, टपरीवर दोघांनी उभ्यानेच चहा प्यावा, एवढंच मनात होतं. काका टपरीवर नव्हता. जिन्याच्या वळणावर पाण्याची टाकी होती, तिच्याआड तो भिंतीला टेकून उभा होता. उजवा हात पोटाशी धरलेला. अंगठा आणि ते एक बोट अजून जॉयस्टिक धरल्यासारखे आवळलेले, आणि डाव्या हाताने तो ते एकेक करून उघडायचा प्रयत्न करत होता. उघडत नव्हते. कपाळावरचं भस्म घामाने ओघळलं होतं.

"घरात बोलू नको," तो म्हणाला. "दादाला तर अजाबात न्हाई."

"रोज होतं?"

"काम केलं की होतं. सकाळी हात चांगला असतो. संध्याकाळपातुर असा होतो."

बाकीचं काकूने सांगितलं. संध्याकाळी ती येसराचं धान्य भाजत होती, मी शेजारी जाऊन बसले आणि तिला म्हटलं, मला कळलंय. ती भाजत राहिली. मग खालच्या आवाजात बोलायला लागली. काकाच्या सगळ्या शर्टांची काजं तिने ब्लेडने मोठी केली होती आणि वरून बारीक शिवली होती, म्हणजे बटण आपोआप सरकावं. रोज रात्री मिठाची गरम पुरचुंडी करून ती हात शेकायची. आणि काका रात्री आमच्याबरोबर कधी जेवायला बसायचा नाही, दुकानाची आवराआवर करून मागून खोलीत जेवायचा, हे आम्ही त्याचं टापटिपीचं वेड समजत होतो. तर त्याला घास मोडता यायचा नाही. डाव्या हाताने जेवायचं नाही म्हणून तो हट्टाला पेटलेला, मग काकू भरवायची. "सात वर्सं झाली," ती म्हणाली. "म्हणतात, दादाला कळलं तर तो बटणापासून उठायचाच न्हाई." मी ओढणीने डोळे पुसले. काकू म्हणाली, धूर लागला असंल, लांब सरक.

दुसऱ्या दिवशी मी काकाला सांगितलं, "खोटं काही दाखवू नको. संध्याकाळी जे होतं ते सकाळी दाखव, एवढंच. त्यांनी मार लागल्या लागल्या मोजलाय." त्याला माझं म्हणणं लगेच कळलं, कारण ते त्याचंच होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दादा नसंल तर दाखवतो."

आम्ही अर्ज केला, तारीख मिळाली, घरात सांगितलं की नुसतं कागद आणायला जातोय. पण बोर्डाच्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना बाबा आले. भुसार दुकानातून सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून. पुन्हा तपासणी आहे हे त्यांना कुठून तरी कळलं होतं, आणि मागच्या वेळी मी आलो नाही म्हणून छत्तीस पडले, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. काका उठून उभा राहिला, पुन्हा बसला. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. बाबांना बाहेर बसवून आम्ही दोघं आत गेलो.

डॉक्टर तेच होते. मी उभी राहून सांगितलं, "साहेब, एकदा बटणं लावून कळत नाही. पाच-सहा वेळा लावायला सांगा. आणि त्याच्या स्वतःच्या शर्टाची नको, त्याची काजं मोठी केलेली आहेत." डॉक्टरांनी वाकून काकाच्या शर्टाची काजं बघितली. काकूचे ते बारीक टाके बोटाने चाचपले. मग म्हणाले, "कुणाच्या शर्टाची लावायची मग? बाहेर कोण आहे तुमच्याबरोबर?"

शिपायाने बाबांना आत आणलं.

काकाने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत होते. त्याला नाही म्हणता आलं असतं, दार उघडंच होतं. बाबांना काही ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तसे ते छाती पुढे काढून सरळ उभे राहिले आणि काका त्यांच्यासमोर उभा राहिला. पहिल्यांदा पाच बटणं लागली, जरा वेळ लागला. काढली. दुसऱ्यांदा लागली. बाबा कौतुकाने डॉक्टरांकडे बघत होते, बघा माझा भाऊ, असं. तिसऱ्यांदा दुसऱ्या बटणाशी काकाचा हात थांबला. बाबांना वाटलं की दोरा अडकला, म्हणून त्यांनी मान खाली घातली. काकाची दोन बोटं बाबांच्या शर्टावर आवळली गेली होती आणि शर्ट मुठीत गोळा झाला होता. काकाच्या तोंडाचा रंग उतरला होता. डॉक्टर घड्याळाकडे बघून लिहीत होते.

"सोड, शिवा," बाबा म्हणाले.

"सुटत न्हाई, दादा."

"कवापासून हाय हे?"

"पयल्यापासून."

बाबांनी दोन्ही हातांनी काकाचा हात धरला आणि एकेक बोट हळूहळू सोडवलं. मग तो हात तसाच धरून उभे राहिले. डॉक्टरांनी दोनदा 'बसा' म्हटलं तेव्हा कुठे बसले. डॉक्टरांनी तक्ता पुन्हा काढला, पकडीच्या रकान्यात नवे आकडे घातले, आणि दाखल्यावर बेचाळीस लिहिले. पुढे दिवाळीनंतर काकाला बूथ मिळाला आणि खिशात मोबाइल येईपर्यंत तो स्टँडावर चालला. पण त्या दिवशी दाखला माझ्या हातात होता आणि त्या दोघांपैकी कुणीही किती पडले ते विचारलं नाही. दवाखान्यापासून घरापर्यंत ते दोघं माझ्या पुढे चालत होते. बाबांच्या शर्टावर छातीशी चुरगळलेला गोळा तसाच होता.

संध्याकाळी काकूने भाकरी थापल्या. येसराची आमटी होती, शेंगदाण्याची चटणी होती. आईने ताटं मांडली, तीन. काका नेहमीप्रमाणे पडवीत काही तरी आवरत होता. बाबा म्हणाले, "चौथं मांड."  काका आला, बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवून ताटाकडे बघत राहिला. काकू दाराशी उभी होती. तेवढ्यात लाईट गेली. आईने कंदील आणला. मी बाबांकडे बघितलं. दुकान बंद, चरक बंद, तरी इतकी वर्षं पावसाळ्यातसुद्धा लाईट गेली की ते उठायचे. ते उठले नाहीत. त्यांनी काकाचं ताट आपल्यापुढे ओढलं, भाकरी बारीक मोडली, आमटीत कुस्करली, आणि ताट परत त्याच्यापुढे सरकवलं, डाव्या बाजूला.

"खा डाव्या हातानं," बाबा म्हणाले. "देव काय म्हणत न्हाई."

काका जेवला.